सुजेचे औषध आणि स्मृतीचा आजार : पस्तीस वर्षांच्या एका आशेचा जमाखर्च

उल्हासच्या खाडीवर, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या घोडबंदरात, किंवा तेथून काशीमिऱ्याच्या नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभ्या राहिलेल्या नव्या वस्त्यांत, कोणत्याही औषधाच्या दुकानापाशी संध्याकाळचा घटकाभर जरी उभे राहिले, तरी एक व्यवहार वारंवार दृष्टीस पडतो. गुडघ्यांनी बेजार झालेली कोणी आजी ‘ती नेहमीची दुखण्याची गोळी’ मागते. दुकानदार स्ट्रिपमधून कात्रीने चार गोळ्या कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेच उरते, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर दुकानातच राहते, आणि ‘जेवून घ्या हं, आजी’ एवढ्या उपदेशावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीची चौकशीही न होता, व्यवहार पुरा होतो. ही गोळी बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन अशा दाहशामक औषधांपैकी एखादी असते. सांध्याची सूज उतरविणारी ही औषधे म्हातारपणी मेंदूचेही रक्षण करतात काय, आणि अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशाला दूर ठेवतात काय, हा प्रश्न गेली पस्तीस वर्षे वैद्यकशास्त्रापुढे आहे. त्याचे उत्तर कोणत्या वळणांनी आजच्या ठिकाणी येऊन पोहोचले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ रोगापासूनच करावयास हवा. जर्मन मनोविकारवैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ च्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत ऑगस्टे डी. या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेल्या एका स्त्रीची हकीकत मांडली. वयाच्या पन्नाशीतच स्मृती आणि विवेक गमावून बसलेल्या या स्त्रीच्या मेंदूत मृत्यूनंतर त्यांना दोन विकृती आढळल्या : पेशींच्या बाहेर साचलेले कण आणि पेशींच्या आत पिळलेल्या तंतूंच्या गाठी. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. बाहेरचे कण अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि आतल्या गाठी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या, हा उलगडा व्हावयास मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिसरी एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली. अमायलॉइडच्या प्रत्येक पुंजक्याभोवती, स्पेनच्या पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ साली वर्णिलेल्या मायक्रोग्लिया या लहान पेशींचा गराडा पडलेला असतो. गावाच्या रात्रीच्या पहाऱ्यावरील जागल्याचे काम मेंदूत या पेशींकडे असते. आगंतुकाला हटकणे, केरकचरा उचलणे आणि प्रसंगी हाकाटी करून इतरांस जागे करणे हा त्यांचा नेमून दिलेला धर्म. पुंजक्यांभोवती त्या चवताळलेल्या स्थितीत आढळल्या, आणि त्यांच्या सभोवार दाहाची सारी रासायनिक सामग्री पसरलेली दिसली. साहजिकच शंका अशी उद्भवली की, पेशींचा नाश मूळ अमायलॉइड करते, की त्यावर तुटून पडणाऱ्या पहारेकऱ्यांच्या दांडगाईत तो होतो? नाश दुसऱ्या कारणाने होत असेल, तर दाह शमविणारे औषध रोगालाही आवरील, हे अनुमान ओघानेच आले.

अशी औषधे तर हाताशीच होती. ॲस्पिरिन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आले. पण ते सूज कशी उतरविते याचा खुलासा १९७१ साली इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी केला, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना त्याचा वाटा मिळाला. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वेदना, ताप आणि सूज यांना कारणीभूत होतात. ती तयार करणाऱ्या विकरालाच ही औषधे अडवितात. मात्र त्याच द्रव्यांवर जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडातील रक्तप्रवाह हेही अवलंबून असल्यामुळे, सुजेवरचा इलाज आणि पोटातला व्रण या दोहोंचे मूळ एकाच जागी आहे. पुढील सर्व इतिहास वाचताना वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आशेची पहिली लेखी नोंद १९९० सालची. कॅनडातील व्हँकूव्हरचे पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर हे दांपत्य व त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे दाखवून दिले की, संधिवाताने जर्जर झालेल्या आणि त्यापायी वर्षानुवर्षे दाहशामक औषधे घेणाऱ्या रुग्णांत अल्झायमरचे निदान अपेक्षेहून फारच कमी आढळते. दोन वर्षांनी याच मंडळींनी जपानमधील कुष्ठरोग्यांच्या निवासांतून दुसरा दाखला आणला : डॅप्सोन हे औषध सतत घेणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंश कमी होता. ज्यांनी वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय, अमरावतीचे तपोवन किंवा वरोऱ्याचे आनंदवन पाहिले आहे, त्यांना डॅप्सोन हे नाव नसले तरी ‘डीडीएसची गोळी’ हे नाव निश्चित परिचित असेल. कुष्ठाच्या जंतूला रोखणाऱ्या या गोळीच्या अंगी दाह शमविण्याचाही गुण आहे. एकाच अनुमानाला दोन भिन्न रोगांनी आणि दोन भिन्न खंडांनी दिलेली ही साक्ष मोहविणारी होती. पुढे प्रत्यक्ष अल्झायमरच्या रुग्णांस डॅप्सोन देऊन पाहिले तेव्हा गुण आला नाही. परंतु तोवर आशेने चांगलेच मूळ धरले होते.

१९९३ साली इंडोमेथॅसिन या दाहशामकाची एक छोटी चाचणी झाली. सहा महिन्यांच्या या चाचणीत ४४ रुग्ण घेतले होते, त्यांपैकी शेवटपर्यंत टिकले २८. औषध घेणाऱ्यांची स्मृती स्थिर राहिली आणि औषधहीन गोळी घेणाऱ्यांची घसरली, असा निष्कर्ष निघाला. औषध घेणाऱ्यांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांनी मुख्यतः पोटाच्या तक्रारींमुळे मध्येच काढता पाय घेतला होता, या मजकुराकडे त्या वेळी उत्साहाच्या भरात जावे तितके लक्ष गेले नाही. १९९६ साली मॅकगीर यांनी नऊ देशांतील सतरा पाहण्या एकत्र मांडल्या, आणि १९९७ साली बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासाने दोन वर्षे किंवा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांचा धोका निम्म्याहूनही कमी असल्याचा निर्वाळा दिला. या मालिकेचा कळस म्हणजे २००१ साली प्रसिद्ध झालेला हॉलंडमधील रॉटरडॅमचा अभ्यास. ५५ वर्षांवरील ६,९८९ नागरिकांचा सरासरी सात वर्षे मागोवा घेऊन, आणि त्यांच्या औषधांचा हिशेब त्यांच्या स्मृतीवर न सोपविता औषधविक्रेत्यांच्या दप्तरातून घेऊन, संशोधकांनी असे अनुमान काढले की, एकूण दोन वर्षांहून अधिक काळ दाहशामके घेतलेल्यांना अल्झायमर होण्याचा धोका ८० टक्क्यांनी कमी असतो. एवढा मोठा आकडा वर्तमानपत्रांना पुरेसा होता. त्याच्याच शेजारी छापलेली अनिश्चिततेची मर्यादा, जिच्याप्रमाणे ही घट १७ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकत होती, ती मात्र वाचणारे थोडेच निघाले.

येथवर जी साक्ष गोळा झाली, ती सारी निरीक्षणाची होती. कोणी स्वतःच्या दुखण्यापायी गोळी घेतली आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहणे निराळे. आणि कोणाला खरी गोळी व कोणाला औषधहीन गोळी जावी हे दैवावर सोपवून, देणारा व घेणारा या दोघांसही अंधारात ठेवून परिणाम मोजणे निराळे. या दुसऱ्या मार्गाने प्रश्न तपासावयास लागल्याबरोबर चित्र पालटले. २००० साली प्रेडनिसोन या स्टेरॉइडची १३८ रुग्णांवरील चाचणी निष्फळ ठरली. २००३ साली ३५१ रुग्णांवर वर्षभर रोफेकॉक्सिब आणि नॅप्रोक्सेन या दाहशामकांची परीक्षा झाली. दोहोंपैकी एकानेही उतरण थांबविली नाही. मग असा बचाव पुढे आला की, रोग बळावल्यावर औषध देणे म्हणजे वेळ टळल्यावरचा उपाय होय. तेव्हा ज्यांना विसराळूपणाची नुकतीच सुरुवात झाली आहे अशांनाच ते द्यावे. अशा १,४५७ व्यक्तींवरील रोफेकॉक्सिबच्या चाचणीचा २००५ साली जो अहवाल आला, त्यात औषध घेणाऱ्यांमध्येच अल्झायमरचे निदान किंचित अधिक निघाले. दरम्यान २००४ च्या सप्टेंबरअखेर हेच रोफेकॉक्सिब, हृदयविकाराच्या धोक्यापायी, त्याच्या उत्पादकाने जगभरच्या बाजारातून मागे घेतले होते.

तरीही आशेला एक आसरा उरला होता : रोगाचा मागमूसही नसलेल्या, पण घरात तो होऊन गेलेल्या वृद्धांना औषध द्यावे. अमेरिकेत २००१ साली याच हेतूने ‘अडॅप्ट’ ही चाचणी सुरू झाली. सत्तरी उलटलेल्या आणि आईबाप किंवा भावंडांपैकी कोणाला स्मृतिभ्रंश झालेल्या २,५२८ व्यक्ती तीत सामील झाल्या, आणि त्यांस सेलेकॉक्सिब, नॅप्रोक्सेन किंवा औषधहीन गोळी देण्यात आली. कर्करोगासंबंधीच्या एका वेगळ्या चाचणीत सेलेकॉक्सिबने हृदयाला अपाय होतो असे दिसल्यावर २००४ च्या डिसेंबरात ‘अडॅप्ट’मधील औषधे तहकूब करण्यात आली. पुढील कित्येक वर्षे या मंडळींचा पाठपुरावा झाला, पण संरक्षणाचा पुरावा हाती आला नाही. सत्तरी हेही वय उशिराचेच, असे म्हणणाऱ्यांना २०१९ साली माँट्रियलच्या चाचणीने उत्तर दिले. तेथे साठीच्या आसपासच्या, घराण्यात अल्झायमर असलेल्या १९५ निरोगी व्यक्तींवर दोन वर्षे नॅप्रोक्सेनची परीक्षा होऊनही रोगाच्या पूर्वखुणांत फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांवरील चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यानेही स्मृतिभ्रंश कमी झाला नाही, उलट रक्तस्राव मात्र वाढला. काही दाहशामके सुजेखेरीज अमायलॉइडचेही उत्पादन घटवितात, या प्रयोगशाळेतील शोधावर बेतलेले टॅरेनफ्लर्बिल २००८ साली सोळाशेंहून अधिक रुग्णांच्या चाचणीत नापास झाले. अखेर २०२० साली कॉक्रेन या मान्यवर परीक्षणसंस्थेने सर्व हिशेब तपासून, स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ॲस्पिरिन वा अन्य दाहशामके घेण्यास आधार नाही, असा निष्कर्ष नमूद केला.

मग निरीक्षणे खोटी होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल; निरीक्षणे प्रामाणिकच होती, त्यांचा लावलेला अर्थ घाईचा होता. अल्झायमरची विकृती लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे मेंदूत मुरत असते. या अवधीत ज्याची बुद्धी मंदावू लागली आहे, तो आपल्या दुखण्याची तक्रार कमी करतो, डॉक्टरांकडे स्वतः होऊन जात नाही, गोळीची आठवण ठेवीत नाही. अर्थात औषधाच्या दप्तरात त्याचे नाव विरळ दिसते, आणि गोळी न घेतल्याने रोग झाला असा भास होतो, वस्तुतः रोग लागल्यामुळे गोळी सुटलेली असते. दुसरे असे की, दोन-दोन वर्षे ही औषधे पचवू शकणारा मनुष्य मुळातच धडधाकट जठराचा, मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा असावा लागतो. ज्यांना ती सोसली नाहीत, ते आधीच गळून गेलेले असतात. वयाचाही फेर आहे : २००९ साली सिॲटलच्या अधिक वयस्क समूहात तर ही औषधे भरपूर घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले. आणि ज्या रॉटरडॅमने आशेला सर्वांत मोठा आकडा दिला, त्याच नगरीच्या अभ्यासकांनी २०२५ साली ११,७४५ नागरिकांचा सरासरी चौदा वर्षांहून अधिक काळाचा हिशेब मांडला, तेव्हा दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांतील स्मृतिभ्रंशाच्या धोक्याची घट फक्त १२ टक्के भरली, आणि एकूण मात्रा वाढल्याने लाभ वाढतो असेही आढळले नाही. पहिला आकडा अल्झायमरपुरता आणि दुसरा सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशांचा, हा भेद गृहीत धरूनही, ८० पासून १२ पर्यंतची ही उतरंड पुष्कळ काही सांगून जाते.

मात्र यावरून दाहाचा आणि अल्झायमरचा काहीच संबंध नाही असे ठरविणे, हीही तितकीच मोठी चूक होईल. संबंध आहे, पण तो गोळीच्या जाहिरातीत बसेल इतका सरळ नाही. २०१३ च्या आरंभी दोन संशोधकगटांनी ट्रेम-२ नावाच्या जनुकातील एका दुर्मिळ दोषाचा शोध प्रसिद्ध केला; हा दोष असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने अधिक असतो. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियामध्येच कार्य करते आणि या दोषामुळे त्यांची सफाईची शक्ती दुबळी होते. म्हणजे पहारेकऱ्यांच्या अतिरेकाइतकीच त्यांची निष्क्रियताही घातक ठरते, आणि त्यांना सरसकट गप्प बसविणारे औषध कोणत्या टप्प्यावर उपकारक व कोणत्या टप्प्यावर अपायकारक ठरेल, हे रोगाची पायरी ओळखल्यावाचून सांगता येत नाही. याहूनही मार्मिक गोष्ट अशी की, ज्या लेकानेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली, आणि ज्याने अठरा महिन्यांत रोगाची उतरण २७ टक्क्यांनी मंदावली, ते अमायलॉइडवर खूण उमटवून त्याची विल्हेवाट लावण्यास याच मायक्रोग्लियांना प्रवृत्त करते असे मानले जाते. त्याची मुख्य भीती म्हणजे मेंदूला येणारी सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव. १९९० साली जी पेशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती, तिच्याच मदतीची याचना आज केली जात आहे.

आता हा प्रश्न आपल्या दारी आणू. हरियाणातील बल्लभगढ तालुक्यात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या पाहणीत, २००१ च्या अहवालाप्रमाणे, ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे नवे रुग्ण दर हजारी वर्षाला ४.७ आढळले, त्याच पद्धतीने पेनसिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यात मोजलेला दर १७.५ होता. त्याच वर्षी उंदरांच्या मेंदूवर हळदीतील कर्क्युमिनचा अनुकूल परिणाम प्रसिद्ध झाला, आणि दोन बातम्यांची सांगड घालून ‘भारतीयांना हळद तारते’ असा समज देशोदेशी पसरला. वास्तविक ४.७ आणि १७.५ यांच्यामधील अंतरात आयुर्मान, अनुवंश, शरीरश्रम, रोग झाल्यावर लवकर येणारा मृत्यू अशा कितीतरी कारणांचा वाटा असू शकतो. हाँगकाँग आणि कॅलिफोर्निया येथे रुग्णांना कर्क्युमिन देऊन केलेल्या छोट्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. ते आतड्यातून रक्तात जेमतेमच उतरते. संधिवात आणि गोळी यांच्या बाबतीत जी गफलत झाली, तिचीच ही स्वदेशी आवृत्ती होय : दोन गोष्टी शेजारी दिसल्या की एकीला दुसरीचे कारण ठरवावयाचे.

शिवाय ‘आपल्याकडे रोग कमी’ हे गृहीतही आता टिकत नाही. वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के भरले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासात साठीवरील लोकांतच ते ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे अनुमानले गेले. मोजण्याच्या रीती भिन्न असल्यामुळे रोग तिपटीने वाढला असे यावरून म्हणता येत नाही. पण ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीच्या आडोशाला जी म्हातारी माणसे बिननोंदीची राहत असत, ती आता मोजणीत येऊ लागली आहेत, एवढे खास.

या माणसांसाठी गोळीवाचून काही करता येते काय, याचे एक नेमके उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ८१ कुटुंबांवर एक चाचणी घेतली व २००८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तीत स्थानिक माणसांना थोड्या शिक्षणाने गृहसेवा-सल्लागार म्हणून तयार करून सहा महिने घरोघर पाठविण्यात आले. आई रात्री उठून दार उघडते, वडील जेवूनही ‘मला कोणी जेवायला दिले नाही’ म्हणतात, स्नानाला नेले की हात उगारतात, अशा प्रसंगी घरच्यांनी काय करावे, सुनेवरचे ओझे कोणी वाटून घ्यावे, सरकारी योजनेचा अर्ज कोठे करावा, हे सांगणे इतकेच त्यांचे काम. रोग हटला नाही, पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि त्यांचा ताप हलका झाला. नशिबाने कोणाला काय मिळावे हे ठरविण्याच्या त्याच कडक पद्धतीने, जिच्यापुढे दाहशामके टिकली नाहीत, हा साधा उपाय तपासला गेला आणि उतरला, हे विसरू नये. घोडबंदरच्या पंचक्रोशीतही मीरा रोडहून सिल्व्हर इनिंग्ज ही संस्था २००८ पासून ज्येष्ठांच्या व स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात काम करीत आहे. प्रतिबंधाविषयी बोलावयाचे तर २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली : अल्प शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू न येणे, दृष्टिदोष, एकाकीपणा, दूषित हवा इत्यादी, या सर्वांचा बंदोबस्त झाला तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. ज्या रस्त्यावरून दिवसरात्र मालमोटारी धावतात, त्याच्या काठी राहणाऱ्यांना यांतील दूषित हवेचे कलम निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

सारांश, आज कोणी घोडबंदरची आजी विचारील की, गुडघ्याची गोळी चालू ठेवली तर विसरणे लांबेल काय, तर तिला स्पष्ट नकार द्यावयास हवा. आणि त्याच दमात हेही सांगावयास हवे की, गुडघा खरोखरच सुजला असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, नेमक्या मात्रेत आणि ठरलेल्या मुदतीपुरती ही गोळी घेण्यास भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र रक्तदाबाचे औषध चालू असता ही गोळी रोज घेतली, तर ते औषध निष्प्रभ होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. म्हणजे स्मृतीच्या लोभाने गोळी घेणारा मनुष्य ज्या रक्तदाबावर स्मृतीचे रक्षण खरोखर अवलंबून आहे, तोच बिघडवून घेतो. पस्तीस वर्षांत या प्रश्नाने वैद्यकाला मेंदूतील पहाऱ्याची रीत शिकविली, हा मोठाच लाभ. पण तो संशोधकांच्या पदरात पडलेला लाभ आहे. रुग्णाच्या पदरात तूर्त पडतो तो कानाचे यंत्र, रक्तदाबाची नियमित तपासणी, साखरेवरचा ताबा आणि घरात बोलावयास कोणी असणे यांचा. यांपैकी एकाचीही किंमत स्ट्रिपमधून कापलेल्या चार गोळ्यांइतकी स्वस्त नाही, आणि म्हणूनच त्यांची शिफारस डॉक्टरांनी व मागणी नागरिकांनी अधिक आग्रहाने करावयास हवी.